निधीच्या अर्जाआधी गावाने पाण्याचा हिशोब मांडावा

प्रश्न लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका गावच्या नव्या सरपंच ताईंचा आहे. गावची लोकसंख्या १८०० आणि शिवार हजार हेक्टरच्या आसपास. पाणी जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेला पाझर तलाव गाळाने भरलाय. ओढ्यावर दोन कोल्हापुरी बंधारे (खांबांमध्ये गेट बसवून पाणी अडवणारे) आहेत, पण त्यांची निम्मी गेट गायब आहेत. मार्च लागला की नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. वित्त आयोगाचा हप्ता पुरत नाही आणि पंचायत समितीत गेलं की 'निधी नाही' हे एकच उत्तर मिळतं. लोक वर्गणी द्यायला तयार आहेत, पण वाडीवाल्यांना नवा बंधारा हवा आहे आणि गावठाणातल्यांना खोल बोअर. ताई विचारतात, पैसा कुठून आणायचा आणि हे करताना गाव एकत्र कसं ठेवायचं?

ताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. कोणताही अर्ज करण्याआधी ग्रामसभेत दोन गोष्टी ठरायला हव्यात. शिवारात पाणी नेमकं किती आहे, आणि फेब्रुवारीनंतर ते कोण, कशासाठी उपसणार. मराठवाड्यात ज्या गावांनी हे ठरवलं नाही, तिथे पैसा आला, बंधारे झाले, उद्घाटनं झाली आणि दोन वर्षांत टँकर परत आला. ज्यांनी ठरवलं, त्यांना कमी पैशातही निभावता आलं. मृदसंधारणाच्या आणि नळयोजनांच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं याबद्दलचं मत पक्कं झालं आहे.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टर शिवारावर वर्षाला ७०० मिलिमीटर पडला तर ७०० कोटी लिटर झाले. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, पिकं घेतात, उरलेलं ओढ्याने वाहून जातं. आपल्या बेसाल्टच्या खडकात मुरतं ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७० कोटी लिटर. आता गावाची गरज बघा. घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर धरलं तर १८०० माणसांना वर्षाला सुमारे ३ कोटी ६० लाख लिटर लागतात. जनावरांचं त्यात मिळवलं तरी पाच कोटींच्या फार पुढे जात नाही. ७०० कोटी पडतात, ७० कोटी मुरतात आणि गाव पाच कोटींसाठी एप्रिलमध्ये घागरी घेऊन उभं राहतं.

बाकीचं पाणी जातं कुठे, हे तुमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी ग्रामसभेत बोलत नाही. पाटाने पाणी दिलेल्या उसाला, पावसाचं सोडून, एकरी ६० ते ८० लाख लिटर लागतात. म्हणजे पाच-सहा एकर ऊस तुमच्या अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ५० वाघिणींची गाडी आली की एका खेपेला २५ लाख लिटर यायचे आणि देशभर त्याची बातमी व्हायची. उसाच्या एका एकराला तशा अडीच-तीन गाड्या लागतात. ऊस लावणाऱ्याला खलनायक करायला मी हे सांगत नाही. भावाची खात्री असलेलं आणि बँक ज्यावर कर्ज देते असं दुसरं पीक त्याच्यापुढे फारसं नाही, हे मला माहीत आहे. पण मुरलेले ७० कोटी लिटर शंभरेक एकर उसातच संपतात, हा आकडा शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवा. पुढची चर्चा त्याच्यासमोर होऊ द्या.

हा ताळेबंद मांडायला तुम्ही एकट्या पुरणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे, त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. लातूर, धाराशिव आणि जालना हे तिन्ही जिल्हे भूजल जपण्यासाठीच्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत होते, आणि त्या योजनेतल्या गावांत पाण्याचे ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडे तयार झालेले आहेत. शेजारचं एखादं गाव त्यात असेल तर त्यांचा आराखडा मागून आणा, नमुना म्हणून तो उत्तम आहे. कृषी संजीवनी प्रकल्पातही गावनिहाय पाण्याचा हिशोब मांडलेला असतो, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा. शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवा आणि गावातल्या दहा-बारा विहिरींची पातळी दर महिन्याला टेप टाकून मोजा. हे काम आठवी-नववीच्या मुलामुलींना द्या. ती मनापासून करतात, आणि मुलीने आणलेला आकडा बाप खोटा म्हणत नाही.

आता बोअर की बंधारा, या भांडणाकडे वळतो. आपल्याकडे पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात, साधारण दहा-वीस मीटरच्या आत. त्याखाली घट्ट काळा पाषाण आहे, त्यात कुठेतरी भेगा असतात. पाचशे-सातशे फुटांवर लागलेलं पाणी हे त्या भेगेतलं जुनं साठवण असतं आणि ते एका पावसाळ्यात भरून येत नाही. शिवाय अशी खोल बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढते, म्हणजे शेजारची विहीर आटते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नव्या विहिरीला मनाई आहे. अंमलबजावणी ढिली आहे, हे मान्य. पण ग्रामसभेचा ठराव आणि कायद्याचं कलम एकत्र पुढे ठेवलं की बोअरची गाडी गावात आणणारा दहादा विचार करतो. त्यामुळे गावठाणातल्या मंडळींना शांतपणे सांगा की सार्वजनिक पैशातून खोल बोअर घ्यायची नाही. त्याऐवजी नळयोजनेच्या विहिरीच्या वरच्या बाजूला पाणी मुरवायचं.

वाडीवाल्यांना मात्र थोडं थांबायला सांगावं लागेल. तुमच्याकडे दोन बंधारे आणि एक तलाव असताना नवा बंधारा मागणं म्हणजे गळक्या टाकीशेजारी दुसरी टाकी बांधणं. आधी आहे ते दुरुस्त करा. नव्या बांधकामाच्या मानाने दुरुस्तीचा खर्च फार कमी असतो, आणि ती एका उन्हाळ्यात उरकते. वाडीच्या मागणीला नकार देऊ नका. तिला आराखड्यात दुसऱ्या वर्षी जागा द्या आणि ते लिहून ठेवा. वाडीवर अन्याय झाला ही भावना एकदा बसली की वर्गणीही थांबते आणि पाणीपट्टीही.

कोल्हापुरी बंधाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाया गेलेला साठा हाच आहे. बंधारा म्हणजे खांब, आणि पाणी अडवतात ती गेट. गेट चोरीला जातात, भंगारात विकली जातात, रबरी सील फाटतं. जिथे ती आहेत तिथे कधी बसवायची हे कुणी ठरवत नाही. परतीचा पाऊस आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा असतो. गेट लवकर टाकली आणि पूर आला तर पाणी बाजूने काठ कापून जातं, शेतही जातं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे पुराने काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. उशीर केला आणि नोव्हेंबर उजाडला, तर ओढा वाहून मोकळा झालेला असतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर आभाळ आणि ओढा दोन्ही बघून दिवस ठरवायचा आणि तो अधिकार एका माणसाला द्यायचा. त्याला वर्षाचं मानधन ठरवा. गेटना नंबर टाका, जूनआधी काढून ग्रामपंचायतीच्या गोदामात ठेवा, वहीत नोंद करा. हे झालं नाही तर दुरुस्तीवर घातलेला पैसा वाया गेला असं समजा.

दुरुस्तीला हात लावण्याआधी बंधारा आणि तलाव कुणाच्या ताब्यात आहेत ते शोधा. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधाऱ्याकडे असतील, नाहीतर मृद व जलसंधारण विभागाकडे. पाझर तलाव बहुधा १९७२ च्या दुष्काळातल्या कामांपैकी असेल, आपल्या भागातले पुष्कळ तलाव तेव्हाचेच. ताबा कळला की ना-हरकत कुणाकडून घ्यायची आणि अंदाजपत्रक कोणता कनिष्ठ अभियंता करणार हे कळतं. पंचायत समितीत 'निधी नाही' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ 'तुमच्या हातात अंदाजपत्रक नाही' असा असतो. आर्थिक वर्ष संपत आलं की विभागांकडे खर्च न झालेला पैसा असतो आणि तो तांत्रिक मान्यता घेऊन तयार बसलेल्या गावाला मिळतो. तेव्हा डिसेंबरपर्यंत तुमच्या तीन-चार कामांची अंदाजपत्रकं मान्यतेसह फाइलमध्ये असली पाहिजेत.

आता कोणतं काम कोणत्या पैशातून करायचं ते पाहू. एकाच योजनेतून सगळं करायला गेलात तर काहीच पुरं होत नाही.

वित्त आयोगाचा निधी तुमच्या हातातला आहे. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात तो ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित होता. बंधितातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याचं संकलन आणि पुनर्वापर यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. पुढच्या हप्त्यांच्या अटी जिल्हा परिषदेच्या पंचायत विभागाकडून लेखी घ्या, तोंडी माहितीवर चालू नका. बऱ्याच ग्रामपंचायती बंधित पैसा पाइप, मोटार आणि फिल्टरवर संपवतात. माझं म्हणणं, यातला मोठा वाटा स्रोतावर घाला: नळयोजनेच्या विहिरीचं पुनर्भरण, गेट, सील आणि बंधाऱ्याच्या पायथ्याची गळती. ही कामं लहान असतात, त्यासाठी दुसरा कुणी पैसा देत नाही आणि त्यांच्याशिवाय जलजीवनची नवी पाइपलाइन कोरडीच राहते.

माथ्यावरची कामं रोजगार हमीतून करा. समतल चर (उताराला आडवे खोदलेले), बांधबंदिस्ती, दगडी बांध आणि वृक्षलागवड ही मजुरांची कामं आहेत. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने मजुरी ६० आणि साहित्य ४० असं प्रमाण घातलं, ठेकेदाराला मज्जाव केला. त्यामुळे सिमेंटचं काम यात बसवायला जाऊ नका, रखडतं. माथा ते पायथा हा क्रम पाळा. वरून माती वाहत राहिली तर खालचा तलाव पाच वर्षांत पुन्हा भरेल.

तलावातला गाळ 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत काढा. ही योजना २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ पासून नव्या स्वरूपात आली. यंत्र आणि इंधनाचा खर्च योजनेतून किंवा संस्थेकडून होतो, वाहतूक शेतकऱ्याने करायची. अल्प आणि अत्यल्पभूधारकाला गाळ पसरवायला एकरी १५ हजारांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान २०२३ च्या निर्णयात ठरलं. लोकसहभाग इथे सगळ्यात सहज जमतो, कारण ज्याच्या रानात गाळ पडतो त्याला पुढच्याच हंगामात फरक दिसतो. दोन गोष्टी सांभाळा. मुरूम दिसला की यंत्र थांबवा. आणि भिंतीच्या पायथ्याजवळ खोदू देऊ नका, तिथला गाळ काढताना भिंत सैल होते. गाळ कुणाला किती ट्रॉली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा, नाहीतर ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्यालाच सगळा गाळ मिळतो.

ओढा खोलीकरणाचं वेड मात्र आवरा. २०१५ ते २०१९ च्या राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानात काही ठिकाणी ओढे इतके खोल केले की मुरमाचा थर कापला गेला आणि काठच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात उतरलं. तीन मीटरच्या खाली जायचं नाही, आणि खाली पाषाण लागला तर त्याला हात लावायचा नाही.

उरलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा वार्षिक योजना आहे. तिथे आमदारांचं आणि पालकमंत्र्यांचं वजन चालतं, हे खरं. पण हातात ताळेबंद, मान्य अंदाजपत्रक आणि जमा झालेली वर्गणी असलेलं गाव वेगळं दिसतं, आणि पुढाऱ्यालाही अशा गावाचं काम करायला आवडतं, कारण ते पुरं होतं. कंपन्यांच्या सामाजिक निधीचं तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या आणि जालन्याच्या उद्योगांकडे हा पैसा आहे. त्यांच्याकडे जाताना पूर्ण योजना मागू नका, एकच तुकडा मागा, उदाहरणार्थ यंत्राचं इंधन.

वर्गणीबद्दल. जलजीवनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या दहा टक्के लोकवाटा धरला आहे, डोंगराळ भागात आणि अनुसूचित जाती-जमातीची बहुसंख्या असलेल्या गावांत पाच टक्के. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तो कागदावर श्रमदान दाखवून किंवा ठेकेदाराकडून भरून घेऊन मिटवला जातो. तसं करू नका. ठेकेदाराने वर्गणी भरली की कामाच्या दर्जाबद्दल बोलायचा गावाचा हक्क गेला. वर्गणी सरसकट घरटी घेणंही बरोबर नाही. ज्याची विहीर बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेलं पाणी मागे पसरतं त्या भागात येते, त्याला फायदा जास्त, त्याने एकरी जास्त द्यावं. भूमिहीनाने फक्त पिण्याच्या पाण्याचा वाटा द्यावा, तोही जमेल तसा. पावती प्रत्येकाला, खातं वेगळं, आणि त्यावर सही सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याबरोबर पाणीपुरवठा समितीतल्या एका महिलेची. जमाखर्च चावडीवर लावा.

श्रमदानाची ताकद बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्याने दाखवली आहे. २०१६ ला पाणी फाउंडेशन या संस्थेची गावागावांतली जलसंधारणाची पहिली स्पर्धा झाली त्या तीन तालुक्यांत तो एक होता, आणि भांडणाऱ्या गावांतले लोक पहाटे एकत्र फावडं धरताना तिथे दिसले. लातूरकरांनीही त्याच वर्षी वर्गणी काढून मांजरेचं पात्र मोकळं केलं. श्रमदानाने काम जितकं होतं, त्याहून जास्त लोक एकमेकांशी पुन्हा बोलू लागतात. पण त्यावर दहा वर्षांची देखभाल चालत नाही. देखभालीला पैसाच लागतो आणि तो पाणीपट्टीतून यावा लागतो. वर्षाचं वीजबिल, दोन मोटार दुरुस्त्या, पाणी सोडणाऱ्याचा पगार, गेटवाल्याचं मानधन, क्लोरीन, हे सगळं मांडा आणि घरांनी भागा. आलेला आकडा महिला सभेत आधी ठेवा, ग्रामसभेत नंतर. बायकांना टँकरमागे धावण्याची किंमत माहीत असते, त्या हो म्हणतात. वसुली बचत गटाकडे द्या आणि त्यांना त्यातला ठरावीक हिस्सा द्या. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर वेळेवर भरणाऱ्या घराला दळण मोफत दिलं. तुमच्या गावाला जे पटेल ते द्या, पण नियमित भरणाऱ्याला काहीतरी दिसलं पाहिजे.

वापराचे नियम हा सगळ्यात अवघड भाग, आणि काम सुरू होण्याआधीच ते झाले पाहिजेत. पाणी साठल्यावर कुणी ऐकत नाही. पाझर तलावातून थेट मोटारी लावून उपसा बंद. तो तलाव मुरवण्यासाठी आहे. डिसेंबरअखेर विहिरींची पातळी बघून रब्बीला किती पाणी द्यायचं हे ग्रामसभा ठरवेल. नवा ऊस फक्त ठिबकवर. प्लास्टिकच्या शेततळ्यांकडेही डोळे उघडे ठेवून बघा. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९६ पासून पाणलोटाचं काम केलं आणि कोरडवाहू गाव द्राक्षांवर उभं केलं. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असंच ते काम आहे. पण शेततळं विहिरीतून उपसून भरलं की सगळ्यांचं भूजल एकाच्या तळ्यात जातं आणि उन्हात वाफ होतं. ओढ्याच्या पुराने भरणारं शेततळं चांगलं, विहिरीने भरणाऱ्याला मर्यादा हवी. हे नियम मोडणाऱ्याला दंड किती, हे ठरवताना पहिला ठराव गावातल्या मोठ्या बागायतदाराने मांडावा यासाठी प्रयत्न करा. मांडला, तर बाकीचे पाळतात.

शेवटी तुमच्या ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावांबद्दल. तुम्ही गेट टाकली की खालच्या गावाचा प्रवाह लवकर थांबेल. नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्याच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून बरीच वर्षं आपण मोठ्या पातळीवर हेच भांडण पाहतो आहोत, समन्यायी वाटपासाठी आपणच आग्रह धरतो. मग ओढ्यावरही तसंच वागायला हवं. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ग्रामपंचायत विकास आराखडे बनतात. त्याआधी तिन्ही गावच्या सरपंचांना एकत्र बसवा, शक्य झालं तर गटविकास अधिकाऱ्यांसमोर. बंधाऱ्यांची गेट वरून खाली कोणत्या क्रमाने टाकायची ते ठरवून तिन्ही ग्रामसभांत एकच ठराव घ्या आणि त्याची प्रत तिन्ही आराखड्यांना जोडा. संपूर्ण ओढ्याचा असा एकत्र प्रस्ताव जलसंधारण विभागाकडे गेला, तर तुमचे दोन बंधारे आणि वाडीचा तिसरा एकाच मंजुरीत बसण्याची शक्यता बरीच वाढते.